मनगटावर जखम, भिंतीतून रक्त, खोलीत धुकं: पंधरा हजारांत आणि कुणाला इजा न होता

प्रश्न असा आहे. कॉलेजातली सहा मुलं मिळून वीस मिनिटांची भयकथा शूट करतायत. लालबागच्या एका चाळीतली दहा बाय बाराची खोली चार रात्रींसाठी मिळाली आहे, हातात १५,००० रुपये आहेत आणि कॅमेरा म्हणजे मोबाइल. गोष्टीत मनगट कापलेलं दिसतं, भिंतीतून रक्त झिरपतं, एक बाई गळफास घेतलेली दिसते, आरसा फुटतो आणि शेवटी नायिका जमिनीवर निपचित पडलेली असताना खोलीत धुकं भरतं. एवढ्या पैशांत हे सगळं सुरक्षितपणे कसं करायचं?

होतं, पोरांनो. व्यवस्थित होतं. मी बावीस वर्षं मेकअपचं आणि त्यातही जखमा, भाजणं, रक्त यांचं काम करतेय. सुरुवातीची बरीच वर्षं एकांकिकांमध्ये गेली, कारण तेव्हा इथे सिनेमात बायकांना युनियनचं मेकअप आर्टिस्टचं कार्डच मिळत नसे, फक्त हेअरड्रेसरचं मिळे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये ती बंदी बेकायदा ठरवली. पण एकांकिकांमुळे पैसे नसताना काम कसं करायचं हे मी आधी शिकले, आणि पैसे असताना काय करतात ते नंतर.

कुठलाही इफेक्ट ठरवताना मी एकच विचारते: हे फसलं तर काय होईल? ‘शॉट वाया जाईल’ असं उत्तर आलं तर खुशाल करा. ‘कुणाला तरी दवाखान्यात न्यावं लागेल’ असं आलं तर तो इफेक्ट कितीही स्वस्त असो, काढून टाका. तोच परिणाम देणारा दुसरा रस्ता सापडतो. म्हणून धुक्यापासून सुरुवात करते. तुमच्या यादीत सगळ्यांत निरुपद्रवी दिसणारी आणि सगळ्यांत धोकादायक गोष्ट तीच आहे.

कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की कोरडा बर्फ आणा, गरम पाण्यात टाका, जमिनीवर सरपटणारं झकास धुकं मिळतं. मिळतं, खरंय. गिरगावातल्या एका खोलीत मी ते बघितलं आहे. आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या, दार बंद, पंखा बंद, दोन घमेल्यांत गरम पाणी आणि त्यात बर्फाचे तुकडे. मुलगी फरशीवर मेल्याचं काम करत होती. दुसऱ्या टेकला तिची छाती भराभर वरखाली व्हायला लागली. दिग्दर्शक मॉनिटरवरून ओरडला, “श्वास रोखून धर, प्रेत आहेस तू!” ती बिचारी प्रयत्न करत होती. तिच्या ओठांवरचा निळा रंग पुसला गेलाय का ते बघायला मी खाली वाकले आणि दोन श्वासांत माझंच डोकं गरगरलं. तेव्हा लक्षात आलं. मी आणि आणखी एकीने तिला काखेत धरून गॅलरीत ओढत आणलं. दहा मिनिटांत ती सावरली, पण डोकं दुसऱ्या दिवसापर्यंत ठणकत होतं.

कारण साधं आहे. कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे ७८.५ अंश. तो वितळत नाही, थेट वायू होतो. एका किलोतून पाचशे लिटरहून जास्त वायू निघतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. उभ्या माणसाला काही जाणवत नाही. जमिनीवर पडलेला माणूस मात्र त्यात बुडालेला असतो. तुमची नायिका नेमकी तिथेच आहे. शिवाय उघड्या हाताने उचलला तर कातडी भाजल्यासारखी होते, आणि बाटलीत घालून बूच लावलं तर बाटली फुटते. बंद खोलीत तो आणूच नका.

त्याऐवजी फॉग मशीन भाड्याने घ्या, पाणी आणि ग्लायकॉलवर चालणारं. डीजेवाल्यांकडे, मंडप-डेकोरेशनवाल्यांकडे दिवसाच्या भाड्याने मिळतं. मशीनच्या तोंडातून गरम वाफ येते, तेव्हा ते माणसापासून दूर ठेवा. एक फवारा मारा, पुठ्ठ्याने हवेत सारखं पसरवा, मिनिटभर थांबा आणि मग शॉट घ्या. दोन टेकनंतर खिडक्या उघडा. कुणाला दमा आहे का हे आधी विचारा, आणि असेल तर त्याला त्या शॉटपुरतं गॅलरीत उभं करा. धुकं दिसतं ते मागून आलेल्या उजेडामुळे. समोरून लाइट मारलात तर पिंपभर धूर सोडूनही फक्त फिकट पांढरट पडदा दिसेल. दारामागे एक एलईडी ठेवा आणि निम्म्या धुरात काम होईल. पायाशी रेंगाळणारं धुकंच हवं असेल तर शोभेच्या कारंज्यात घालतात ती धुकं करणारी चकती आणा, परातीतल्या पाण्यात ठेवा, काळ्या कापडावर त्याचा वेगळा शॉट घ्या आणि एडिटिंगमध्ये ‘स्क्रीन’ मोडने नायिकेच्या शॉटवर चढवा. काळं गायब होतं, धुकं उरतं. शेगडीवर ऊद किंवा लोबान टाकून धूर करायचा विचार असेल तर तो उघड्या गच्चीपुरता ठेवा. बंद खोलीत जळता कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला वासही नसतो.

त्या मुलीच्या प्रसंगानंतर मी एक नियम केला आणि तो आजवर मोडलेला नाही. भयपटात “थांबा”, “नको”, “वाचवा”, “श्वास कोंडतोय” हे सगळे संवाद असतात. खरोखर त्रास झाला आणि नटी तेच ओरडली, तर सगळे म्हणतील, वा, काय काम करतेय! म्हणून गोष्टीत कुठेही न येणारा एक शब्द ठरवा. आमच्याकडे ‘कांदा’ असतो. तो शब्द ऐकला की शॉट तिथल्या तिथे बंद, कारण नंतर विचारायचं. तोंड बंद असेल तर तळहाताने तीनदा जमिनीवर थाप. आणि तो शब्द रोज शूटिंगच्या आधी एकदा सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या.

आता रक्त. क्रॉफर्ड मार्केटात केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत लिक्विड ग्लुकोज मिळतं. अर्धा किलो घ्या, त्यात साधारण १०० मिली कोमट पाणी, दोन चमचे लाल खायचा रंग आणि एक सपाट चमचा कोको पावडर, थोड्या पाण्यात कालवून. मग निळ्या रंगाचे एक-दोन थेंब, एकेक करून. नुसता लाल रंग कॅमेऱ्यात रसना दिसतो. कोको त्याला गढूळपणा देतो आणि निळा खोली. पांढऱ्या सुती फडक्यावर थेंब टाकून, तुमच्याच मोबाइलवर, ज्या दिव्यात शूट करणार त्याच दिव्यात बघा. मोबाइलचं ऑटो व्हाइट बॅलन्स दर शॉटला रंग बदलतं, पिवळ्या दिव्यात रक्त नारिंगी होतं. तेव्हा व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर दोन्ही लॉक करा. सुकलेलं रक्त हवं असेल तर कोको वाढवा आणि पाणी कमी करा.

तोंडात जाणारं रक्त वेगळ्या स्वच्छ बाटलीत, वर चिठ्ठी लावून ठेवा. त्यात फक्त खाण्याच्याच वस्तू. कपड्यावरच्या रक्तात मी थोडा भांडी घासायचा लिक्विड साबण घालते, डाग लवकर निघतात. ते चुकून तोंडात जायला नको. कुंकू, शेंदूर किंवा होळीचा रंग तोंडाजवळ नेऊ नका. शेंदरात शिसं असू शकतं आणि होळीच्या सुट्या रंगांत काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बीट वापरू नका, ते कॅमेऱ्यात गुलाबी होतं.

नायिकेचा पांढरा कुर्ता एकाच रंगाचे आणि मापाचे तीन घ्या, हिंदमाताला स्वस्तात होतील. रक्ताचा शॉट पहिल्या टेकला बरोबर येत नाही, आणि रात्री दोन वाजता ओला कुर्ता वाळत घालून सहा जण बसलेले मी बघितले आहेत.

मनगटाची जखम तुम्ही स्वतः करू शकता. साधा दोन पदरी टिश्यू पेपर घ्या आणि पदर सोडवून एकच ठेवा. कडा कात्रीने कापू नका, बोटांनी फाडा. कापलेली कड सरळ असते आणि कॅमेरा ती लगेच पकडतो. मनगट साबणाने धुऊन कोरडं करा, त्यावर खोट्या पापण्या चिकटवायचा गोंद अगदी पातळ लावा, टिश्यू ठेवा, वरून पुन्हा गोंद. पंख्याखाली वाळू द्या. असे तीन-चार थर द्या, मधे जाड आणि कडांना विरत गेलेले. मग फाउंडेशन थापून थापून कातडीच्या रंगाला आणा. पूर्ण वाळल्यावर चिमट्याने मधोमध फाडा आणि फटीच्या दोन्ही कडा किंचित वर उचला. फटीत गडद मरून रंग भरा, तळाशी काळपट, कडांना लाल. बाजूच्या कातडीवर बोटाने थोडा जांभळा आणि लाल रंग चोळा, कारण खऱ्या जखमेच्या भोवतालची कातडी सुजलेली असते. नवी मुलं हेच विसरतात आणि जखम चिकटवल्यासारखी दिसते. शेवटी फटीत व्हॅसलिनचा थेंब. तो ओलसर चमकला की बघणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या मनगटाकडे जातो.

मुंबईच्या घामात ही जखम अर्धा-पाऊण तास टिकते. म्हणून आधी कॅमेरा आणि लाइट पक्के करा, मग जखम करायला घ्या.

लिक्विड लॅटेक्स, म्हणजे पातळ रबर, वापरलं तर जखम जास्त टिकते, पण त्यात अमोनिया असतो आणि रबराची ॲलर्जी काही जणांना जोरात होते. डोळ्यांपाशी अजिबात नको, केस असलेल्या जागी आधी व्हॅसलिन. जिलेटिनची जखम दिसते छान, पण ती आपल्या उकाड्यात दिव्यांखाली ओघळते, आणि कडक शाकाहारी मुलगी अंगाला लावून घेईलच असं नाही. जिलेटिन प्राण्यांपासून बनतं हे तिला आधी सांगणं आपलं काम आहे. फेविक्विक अंगाला लावू नका. कापसावर किंवा सुती कापडावर पडलं की ते इतकं तापतं की कातडी भाजते.

आणि प्लास्टर ऑफ पॅरिस. तुम्ही लालबागला आहात, गणपतीच्या कारखान्यांमुळे ते कोपऱ्यावर मिळतं, म्हणून मुद्दाम सांगते. तुटलेला हात करायला कुणीतरी खरा हात पीओपीच्या बादलीत घालायला सांगेल. पीओपी घट्ट होताना ६० अंशांपर्यंत तापू शकतं आणि तोवर हात आत अडकलेला असतो. हाताचा साचा घ्यायचाच असेल तर दाताचे डॉक्टर वापरतात ते अल्जिनेट आणा, हात त्यात घाला, काही मिनिटांत ते रबरासारखं होतं, हात काढून घ्या आणि मग त्या पोकळीत पीओपी ओता. चेहऱ्याचा साचा मात्र अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय नको.

चाकू खरा नको, धार काढून टाकलेलाही नको. फोम शीट कापून त्यावर चंदेरी रंग द्या. रक्त येण्यासाठी औषधाच्या दुकानातून सलाईनचा सेट आणि ५० मिलीची बिनसुईची सिरिंज आणा. नळी बाहीतून आणून जखमेच्या कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला चिकटपट्टीने बसवा, चौकटीबाहेरून एकाने हळू दाबायचं. हळू म्हणजे खरंच हळू. पिचकारीसारखं उडालं की प्रेक्षक हसतो, आणि थेंब जमून ओघळला की तो गप्प होतो.

हीच नळी भिंतीला चालते. घरमालकाची भिंत रंगवू नका, खायचा रंग डिस्टेंपरमध्ये मुरला की निघत नाही. दोन बाय तीन फुटांचा प्लायचा तुकडा भिंतीच्याच रंगाने रंगवा, वरच्या बाजूला भेगेसारखी दोन-तीन भोकं पाडा आणि मागून नळी सोडा. प्लाय खोलीत कुठेही टेकवून जवळून शूट करा. लांबच्या शॉटमध्ये भिंत दाखवायची ती बिनरक्ताची. भिंतीचं रक्त भरपूर लागतं, तेव्हा ग्लुकोज परवडणार नाही. कॉर्नफ्लॉवरची पातळ खळ शिजवून त्यात रंग घाला. तीच ओघळण्याची चाल मिळते. हा शॉट उलटा चालवून बघा. रक्त वर चढतं आणि भेगेत परत शिरतं, आणि ते झिरपण्यापेक्षा जास्त अंगावर येतं.

गळफासाबद्दल माझं म्हणणं ठाम आहे. गळ्यात दोर घालायचा नाही. सैलही नाही, स्टुलावर उभं करूनही नाही, “दोन सेकंदांसाठी” तर नाहीच. स्टूल सरकायला एक सेकंद पुरतो. दाराच्या चौकटीत व्यायामाचा बार बसवतात, तो नीट घट्ट करून नटीला त्या बारला हातांनी लोंबकळायला सांगा आणि गुडघ्यांपासून खाली तेवढंच चौकटीत घ्या. पावलं ढिली सोडायची, बोटं जमिनीकडे, एका पायातली चप्पल निसटून पडायची. जमिनीपासून अंतर वीतभर ठेवलं तरी कॅमेरा खाली ठेवून ते खूप वाटतं. दुसऱ्या शॉटमध्ये साडी गुंडाळलेल्या उशीची हलती सावली भिंतीवर. मग वर बघणाऱ्या माणसाचा चेहरा. चेहरा, पावलं, सावली. गळा दाखवायची गरजच पडत नाही, आणि असा मृत्यू इतक्या जवळून, पद्धतशीर दाखवूही नये असं मला मनापासून वाटतं.

आरसा फोडू नका. साखरेची काच करायची हौस असेल तर पाक १५० अंशांपर्यंत तापवावा लागतो, तो अंगावर उडाला तर चिकटून भाजतो, आणि पावसाळ्यात ती काच दोन तासांत चिकट होते. त्यापेक्षा आवाज आणि कट. आरशात बघणारा चेहरा, तडकल्याचा आवाज, आणि पुढच्या शॉटला आरशावर काळ्या धाग्यांनी चिकटवलेल्या भेगा. जमिनीवरचे तुकडे हवे असतील तर जाड प्लास्टिकच्या शीटचे त्रिकोण कापून कडा घासून घ्या.

भूत उमटवायला मला एक जुनी युक्ती फार आवडते. जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनच्या रंगमंचावर ती गाजवली आणि आजही तिला ‘पेपरचं भूत’ म्हणतात. मोबाइलच्या समोर दीड फुटाची स्वच्छ ॲक्रिलिक शीट ४५ अंशांत उभी करा. कॅमेरा शीटमधून खोली बघतो. बाजूला, चौकटीबाहेर, काळ्या कापडासमोर पांढऱ्या साडीतली बाई. तिच्यावरचा दिवा डिमरने हळूहळू वाढवा, ती रिकाम्या खुर्चीवर उमटते, आणि तिच्या अंगातून मागची खिडकी दिसते. एडिटिंग लागत नाही. आपल्याकडे दादासाहेब फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत, फाळके उलटं करून ‘केळफा’ नावाने. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून त्यांनी अशाच युक्त्या सिनेमात आणल्या: कॅमेरा थांबवून माणूस बदलायचा, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचं. तुमच्याकडे ट्रायपॉड आहे ना? मग तो जमिनीला चिकटपट्टीने जखडा आणि रिकाम्या खोलीचा एक शॉट आधी घेऊन ठेवा. माणूस नाहीसा करायला तोच लागतो.

दार आपोआप उघडायला, पदर ओढला जायला तंगूस, म्हणजे मासेमारीचा पारदर्शक नायलॉन धागा. तो दिव्यात चमकतो, म्हणून काळा मार्कर फिरवून घ्या, आणि चालायच्या वाटेवर घोट्याच्या उंचीला कधी बांधू नका.

पणत्या आणि मेणबत्त्यांऐवजी बॅटरीच्या घ्या. सिंथेटिक साडी आणि नायलॉनचा विग ज्योतीजवळ नेणं मला बघवत नाही. ज्योत हवीच असेल तर काळ्या कापडापासून लांब, एकटी, वाळूच्या थाळीत शूट करा आणि धुक्यासारखीच वर चढवा. लखलखणारा दिवा सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकू नये. काही लोकांना त्याने फिट येते, सेटवरही आणि फिल्म बघतानाही. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये कार्टूनच्या एका भागातल्या लुकलुकाटाने शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

जुन्या चाळीचं वायरिंग, मोरी आणि बादलीभर पातळ रक्त हे तिन्ही एकत्र आहे तुमच्याकडे. रक्ताच्या शॉटला सगळे दिवे बॅटरीवर चालवा. बाकीच्या वेळी एका बोर्डावर चार हॅलोजन लावू नका, आणि मीटरजवळ ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का बघून घ्या. लोहार चाळीतून आणून कुणा वायरमनकडून बसवून घेतलंत तर ते पैसे सार्थकी लागले असं समजा.

निम्मी भीती कानातून येते आणि ती जवळजवळ फुकट आहे. शेवग्याची शेंग मोडली की बोट मोडल्याचा आवाज येतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेला कोबी सुरीने भोसकला की पोट. ओलं शॅमॉय, म्हणजे गाडी पुसायचं चामड्याचं फडकं, पिळलं की कातडी सुटते. हे रात्री दीडनंतर रेकॉर्ड करा, लोकल बंद झाल्यावर. साडेतीनपर्यंत शहर तेवढं गप्प असतं. किंकाळ्या मात्र दिवसा, कपाटात तोंड घालून, वेगळ्या रेकॉर्ड करा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी दारोदार जाऊन सांगा, खाली जिन्यात तारखेसह कागद लावा. आमच्या एका शूटिंगला हे राहिलं आणि पहाटे तीनला पोलीस दारात उभे होते, समोर रक्ताने माखलेली मुलगी. समजूत पटली, पण रात्र गेली.

शूटिंग शनिवारी असेल तर गुरुवारी संध्याकाळी प्रत्येक नटाच्या कोपराच्या आतल्या बाजूला गोंद, लॅटेक्स, रंग यांचा रुपयाएवढा ठिपका लावा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लाली किंवा खाज आली तर ती वस्तू त्याच्यापुरती बाद. काढताना ओढायचं नाही, खोबरेल तेल चोळून पाच मिनिटं थांबायचं, कडा आपोआप सुटतात. आणि खोली सोडण्याआधी फरशी गरम पाण्याने मोरीपर्यंत दोनदा पुसा. ग्लुकोज राहिलं तर सकाळी शेजारच्या खोलीपर्यंत मुंग्यांची रांग लागते, आणि मग पुढच्या रात्रीसाठी चावी मिळणं कठीण होतं.